हमीदभाईंचा गुंड

फोन आला तेव्हा मी हमीदभाईंच्या नावाने बोटं मोडत बसले होते. गुरुवार होता, अकराचा कार्यक्रम तोंडावर आलेला आणि अकोल्याची बस येऊन अर्धा तास झाला तरी या गृहस्थाचा पत्ता नव्हता. तब्येतीमुळे त्यांचे आधीचे दोन गुरुवार चुकले होते, पण या वेळी नक्की येतो म्हणाले होते. फोनवर त्यांची मुलगी शाहीन होती. "मावशी, अब्बा सकाळीच गेले..." एवढंच ती बोलली. मी माइकपुढची त्यांची खुर्ची ओढून ठेवलेली होती, ती तशीच राहिली. त्याला आता दीड महिना होतो आहे. लिहायला एवढा वेळ का लागला, ते पुढे येईलच.

हमीदभाईंचं अकोल्याच्या जुन्या वस्तीत कल्हईचं आणि भांडी दुरुस्तीचं दुकान होतं. मी अमरावतीच्या आमच्या लहानशा रेडिओ केंद्रावर निवेदिका. आमची गाठ पडली ती पुराच्या वर्षी. भातकुलीकडच्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं होतं आणि जो तो धान्य पाठवत होता. आम्हीही रेडिओवरून धान्याचंच आवाहन करत होतो. तेव्हा हा उंच, किडकिडीत माणूस केंद्रावर आला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला, "ताई, तांदूळ तं साऱ्यायनं देल्ला. शिजवाव कायच्यात?" मी आवाहनाचा कागद बाजूला सारला आणि त्यांना खुर्ची दिली. त्यांनी आणि चार मित्रांनी मिळून एक संस्था काढली होती. कागदावरचं तिचं नाव चांगलं ऐसपैस होतं, पण लोक तिला 'भांडेवाले' म्हणत. लोकांकडून घरची भांडी मागायची, पोचे काढायचे, पितळेला कल्हई करायची आणि पुरात बुडालेल्या किंवा आग लागलेल्या घरात आख्खा स्वयंपाक मांडून द्यायचा, असं त्यांचं काम. नुसती भांडी टाकून ते कधी परतले नाहीत. त्या घरात चहा उकळेपर्यंत बसून राहायचे.

मग दर गुरुवारी भांड्यांचा कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे भांड्यावर नाव कोरलेलं असतंच. कुणाचं लग्नातलं, कुणाच्या आईच्या स्मरणार्थ दिलेलं. मी ठरवलं, ही नावं वाचायची आणि भांडं कोणत्या गावाला चाललं तेही सांगायचं. हमीदभाईंना ते पटलं नाही. नाव भांड्यावर आहे तेवढं पुरे, रेडिओवर कशाला, असं ते म्हणत राहिले. मी मुळातली तापट. रेडिओ मला कळतो, तुम्ही कल्हईचं बघा, असं मी त्यांना तोंडावर सुनावलं. ते नुसते हसले. मी म्हणत होते तसंच झालं. आपलं नाव ऐकायला मिळतं म्हटल्यावर रांधायचे गंज, पराती, पाण्याचे गुंड, तवे यांचा केंद्रावर ढीग लागला. मला चालायला वाट उरली नाही आणि मी मनातून फार खूश होते.

त्या ढिगातला एक पितळी गुंड शेवंताबाईंच्या घरी गेला. पुरात त्यांचं सगळं वाहून गेलं होतं. पाणी ओसरून काही महिने झाले आणि त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पाणी देताना एकाचं लक्ष गुंडाकडे गेलं. त्यावरचं 'सरूबाईंच्या स्मरणार्थ' त्याने वाचलं आणि हसत म्हणाला, हा तर रेडिओवरचा गुंड. बाकीचेही हसले. त्यात वाईट हेतू नसेलही, पण घरची मुलगी तेव्हा हातात पेले घेऊन उभी होती.

दुसऱ्याच दिवशी शेवंताबाई बस धरून केंद्रावर आल्या. गुंड टेबलावर ठेवला. आतून तो घासूनपुसून लख्ख केलेला होता. "पूर तं साऱ्या गावाले आला होता," त्या म्हणाल्या. "मांगून आनल्याचं माह्याच घरचं कावून सांगतलं तुमी?" रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पाणीसुद्धा न पिता उठून गेल्या. स्थळाकडून पुढे निरोप आला नाही.

पुढच्या गुरुवारी हमीदभाईंनी माइक स्वतःकडे ओढला. कुणाचं नाव न घेता घडलेलं सांगितलं आणि म्हणाले, "नावं वाचाचं मीच ठरवलं होतं. चूक माही हाये. त्या बहिनीनं मले माफ कराव." मी समोरच्या माइकपाशी बसले होते. माझा माइक चालू होता. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही. कार्यक्रम संपल्यावर त्यांना विचारलं, खोटं का बोललात? तर म्हणाले, "तुमाले रोज बोलाचं हाये ताई, माह्यं काय, गुरुवारचं." विषय त्यांच्यासाठी तिथे संपला. माझ्यासाठी नाही संपला.

त्या दिवसापासून हमीदभाई भांडं देणाऱ्याला विचारून त्यावरचं नाव कानशीने घासून टाकू लागले. काही लोक रुसले. मीही फुरंगटून विचारलं, मग आता ऐकवायचं तरी काय? त्यांनी एक गंज उचलला, माइकपाशी धरला आणि बोटाच्या पेराने एकदाच वाजवला. आवाज पुरता विरेपर्यंत ते थांबले. म्हणाले, आपलं भांडं बाईला आवाजावरून समजतं, बाकीच्यांना कळायची गरज नाही. मी याला वेडेपणा म्हटलं होतं, पण आठवडाभर बायकांचे फोन येत राहिले... तिसरा आवाज माझ्या परातीचा होता, हो ना?

पुढे धारणीकडच्या एका पाड्यावर घरं जळाली तेव्हा शेवंताबाई पुन्हा केंद्रावर आल्या. मुलीचं लग्न दुसरीकडे छान झालं होतं. पदराखालून त्यांनी आपल्या चुलीवरचा गंज काढला आणि हमीदभाईंच्या हातात दिला. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या दिवशी तो गंज वाजवताना हमीदभाई नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. परत आलेला गुंड मात्र त्यांनी कुणाला दिला नाही. त्याला कल्हई केली आणि पिण्याच्या पाण्यासाठी केंद्रावरच ठेवला.

ते जाण्याच्या आठ दिवस आधी मी अकोल्याला जाऊन आले. खाटेवर उशांना टेकून बसले होते. आज सांगायचंच, त्यांना आणि रेडिओवर सगळ्यांनाही, असं ठरवून गेले होते. "हमीदभाई, ते नावांचं..." एवढं म्हटलं, तर त्यांनी हात हलवून मला थांबवलं. "गुंड झिरपून तं नाही राहिला?" नाही म्हटलं. मग त्यांनी मला चहा घेतल्याशिवाय उठू दिलं नाही.

ते गेल्यानंतर कार्यक्रम बंद होता. गेल्या गुरुवारी मी तो पुन्हा सुरू केला. समोर त्यांची रिकामी खुर्ची होती. गुंडातलं पाणी ओतून टाकलं आणि तो माइकपाशी घेतला. मी म्हणाले, नावं वाचायचा हट्ट माझा होता. हमीदभाईंनी तो नको म्हटला होता. शेवंताबाई, मला माफ करा. मग गुंड बोटाच्या पेराने एकदाच वाजवला आणि आवाज पुरता विरेपर्यंत थांबले.