दही-साखर खाऊन दिलेलं रक्त

सुई एकदा लागली की सुटत नाही, असं माझ्या थोरल्या जावेनं बजावून ठेवलेलं. त्यामुळं डॉक्टर जेव्हा म्हणाले, "आजी, गोळ्यांनी साखर आवरंना झालीय. अंगात इन्सुलिन किती तयार होतंय ते बघू आणि इंजेक्शनचं ठरवू," तेव्हा माझा सगळा जीव त्या एका आकड्यात जाऊन बसला.

तपासणीचं नाव सी-पेप्टाइड. इन्सुलिनच्या जोडीनं तेही शरीरात तयार होतं, म्हणून ते मोजायचं, एवढं मला कळलं. राजारामपुरीतल्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं. आकडा कमी आला. सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, एकाच लॅबवर कशाला इसंबायचं? दुसरीकडं बघूया की."

दुसरीकडं आकडा चांगला आला. मी रिक्षातूनच जावेला फोन लावला. ती म्हणाली, "बरं हाय की. पण दोनातला खरा कुठला?"

झालं, माझी झोप गेली. आणि मग आठवलं. दुसऱ्यांदा निघताना सूनबाईनं दारात हातावर दही-साखर ठेवली होती, नि मी ती खाल्ली होती. बस्ता असो की परीक्षा, आमच्यात चांगल्या कामाला कुणी तसंच बाहेर पडत नाही. रक्त उपाशीपोटी द्यायचंय, हे दोघींच्याही ध्यानात राहिलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. "चमचाभर दह्यानं एवढा फरक पडला असंल असं वाटत नाही, आजी. पण नक्की सांगताही येत नाही. लॅब निराळ्या, मशिनं निराळी. शिवाय पहिल्या वेळी साखर फार चढलेली होती. तशी ती चढून राहिली की स्वादुपिंड दमतं, हात आखडता घेतं."

"मग दोन्ही खोटे?"

"खोटे नव्हेत. त्या त्या वेळचे."

हे मला अजून नीटसं उमगलेलं नाही. तोच गूळ कुठल्याही ताकडीत घातला तर वजन एकच यायला पाहिजे की नाही?

डॉक्टर म्हणाले, "काही आठवडे इन्सुलिन घ्या. साखर खाली येऊ दे, दमलेल्याला विसावा मिळू दे. मग मोजू. तो आकडा जरा भरवशाचा."

"म्हणजे इंजेक्शन लागतंय का न्हाय हे कळायला आधी इंजेक्शनच घ्यायचं?"

"व्हय, आजी," डॉक्टर आमच्याच बोलीत म्हणाले.

"आणि मागनं सुटंल का?"

"ते आत्ता मलाही सांगता यायचं नाही."

त्यांनी सरळ 'नाही' म्हटलं असतं तर मी कदाचित घरी निघून आले असते. न्हाईतर जावेकडं जाऊन रडले असते. पण त्यांनाही ठाऊक नाही म्हटल्यावर भांडणार कुणाशी?

पहिल्या सकाळी मी इंजेक्शन हातात धरून कॉटवर बसले. सूनबाई वाटी घेऊन आली आणि मधेच थांबली. "आत्याबाई, देऊ का नको?"

मला तरी कुठं कळत होतं. "साखर ऱ्हाऊ दे," मी म्हटलं, "नुसतं दही दे."

ते खाल्लं आणि सुई टोचायला पोट चिमटीत धरलं.