कागदावरची मिश्री

"मिश्री लावतेस ना? खरं सांग."

मी खुर्चीत आडवी, तोंडात दातांच्या डॉक्टरांचा आरसा. बोलणार कशी? मान हलवली. नाही. डॉक्टरांनी केसपेपरवरचं माझं आडनाव वाचलं, खाली अंबरनाथच्या आमच्या वस्तीचं नाव वाचलं आणि भोवतीच्या शिकाऊ मुलामुलींना म्हणाले, "यांच्यात लावतातच. लिहा, तंबाखू."

अंबरनाथशेजारच्या कॅम्प पाचात जीन्सच्या कारखान्यात मी शिलाईवर आहे. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या. भाकरी चावली की रक्त. डबा खाताना शेजारच्या मशीनवरच्या बाया तोंड फिरवायच्या. म्हणून खाडा करून दातांच्या या मोठ्या दवाखान्यात आले होते, आईला सोबत घेऊन.

आई मिश्री लावते. तिचं बोट काळं पडलंय. डॉक्टरांनी ते बोट धरून सगळ्यांना दाखवलं. "हा बघा पुरावा." एकजण हसला. दुसऱ्याने मोबाईल काढून माझ्या उघड्या तोंडाचा फोटो घेतला. मला विचारलंसुद्धा नाही.

आई हात जोडून म्हणाली, "चुकलं सायेब. बारकी व्हती तवा मीच लावली आसंल तिला. पण बरं करा पोरीला."

धडधडीत खोटं. माझ्या दातांना तिने मिश्री कधी लागू दिली नाही. माझे उपचार अडू नयेत म्हणून ती गुन्हा अंगावर घेत होती. मला आधी तिचाच राग आला. मग माझा.

आरसा हाताने बाजूला सारला आणि उठून बसले. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं.

"मला फिट येते. सातवीत होते तेव्हापासून ही गोळी चालू आहे. औषध काय घेतेस, हे तुम्ही विचारलंच नाही."

डॉक्टर पाकीट उलटंपालटं करत राहिले. मागून एक शिकाऊ मुलगी हळूच म्हणाली, "सर, या गोळीने हिरड्या वाढतात ना?"

"आधी सांगायला काय झालं होतं?" ते माझ्यावरच खेकसले. "झोप. तोंड उघड."

"आधी ते तंबाखू खोडा."

"त्याने काय फरक पडतो?"

"मला पडतो. आणि तो फोटोपण डिलीट करायला सांगा."

आई दंडाला चिमटे काढत होती. "गप गं बाय." मी तोंड मिटूनच बसले. शेवटी त्यांनी खोडलं, कागद फाटेल इतकं पेन दाबून. फोटोही गेला. मी केसपेपर मागून घेतला, पहिल्यापासून वाचला, मगच आडवी झाले.

गोळी बदलायचं फिटच्या डॉक्टरांना विचारायचंय. हिरड्या ओसरतील तेव्हा ओसरतील.

बाहेर आल्यावर आईला म्हटलं, "यापुढे माझ्यासाठी कुणापुढे चुकलं म्हणायचं नाही." ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही.

"म्हणालीस, तर तिथंच, सगळ्यांसमोर तुला खोटं पाडीन."