एका सहीची जागा

आमच्या परळच्या चाळीत वकील झालेली मी पहिलीच. त्यामुळे सनद हातात पडली त्याच आठवड्यात सगळ्या मजल्यांवरून कागद यायला लागले. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या जन्मदाखल्यावर चुकलेलं आडनाव, कुणाला शाळेने धाडलेली नोटीस. वडील गिरणी बंद पडल्यापासून एका सोसायटीत वॉचमन होते. ड्युटीवरून आले की ते दारातच बसायचे आणि आलेल्या माणसाला म्हणायचे, "बसा, वकील जेवतायत." मी जेवत नसले तरी.

कामाला मी गिरगावात एका वयस्कर वकिलांकडे जायची. त्यांच्या ऑफिसात कोपऱ्यातलं एक टेबल मला मिळालं होतं. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "अशिलाला आधी बसायला सांग, पाणी दे. कागद नंतर माग. आधी कागद मागितलास की माणूस कागदाएवढंच बोलतो."

त्या टेबलासमोर बसलेली माझी पहिली खरी अशील म्हणजे लालबागची एक बाई. महापालिकेच्या प्रसूतिगृहात ती आया होती, म्हणून सगळे तिला आयाबाईच म्हणत. मूळची मालवणकडची, पन्नाशीला टेकलेली, बोलायला चोख. नवरा बारा-पंधरा वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. दुसरीकडे संसार थाटला होता. लालबागच्या खोलीत ही एकटी राहत होती, भाडंही हीच भरत होती. पण पावती नवऱ्याच्या नावावर होती. चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं तेव्हा तो परस्पर मालकाकडे गेला, मोबदला घेतला आणि खोली सोडल्याच्या कागदावर सही करून मोकळा झाला. हिला कळलं ते दारावर नोटीस लागल्यावर.

"मी तिथे राहते ना ओ?" तिने मला विचारलं. "मग माका कोणी कसा नाय विचारल्यान?"

दोन वर्षं केस चालली आणि मी ती हरले. मांडणी वाईट झाली असं आजही वाटत नाही. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं. निकाल वाचून झाल्यावर ते म्हणाले, "वकीलबाई, तुमचं म्हणणं मला पटतंय. पण भाडेकरू तो आहे, आणि त्याने खोली सोडलीय. कायद्यात नाही ते मी कुठून आणू? ते काम दुसऱ्या इमारतीत होतं."

ताबा द्यायच्या दिवशी मी लालबागला गेले. माझी गरज नव्हती, पण राहवलं नाही. बेलीफ दारात उभा होता, आणि आयाबाई मोरी घासत होती. फरशी पुसून झाली, खिडकीच्या गजांवरून फडकं फिरलं, मग तिने पाय धुतले आणि किल्ली दिली. मी म्हटलं, "अहो, पाडणारच आहेत ते." ती म्हणाली, "पाडू देत. घाण ठेवून जायचा नाय." एक ट्रंक आणि दोन पिशव्या घेऊन ती माहीमला भाचीकडे गेली.

राजकारणात मी या एका केसमुळे आले असं पुढे भाषणांतून सांगायची, लोकांना आवडायचं. खरं इतकं सरळ नव्हतं. आमच्या बुद्धविहारातले कार्यकर्ते, गिरणी कामगारांच्या बायकांच्या बैठका, आई बालवाडी चालवायची त्यातून झालेला तिचा गोतावळा, हे सगळं होतं. माझी महत्त्वाकांक्षा पण होती, ती कशाला लपवू? पहिल्या निवडणुकीत आपटले. दुसऱ्या निवडणुकीत आमदार झाले. पण न्यायाधीशांनी म्हटलेली ती दुसरी इमारत डोक्यात बसली होती, एवढं नक्की.

निवडून आल्यावर तिसऱ्या वर्षी मी विधेयक मांडलं. सरकारी नव्हे, आमदाराचं स्वतःचं, म्हणजे अशासकीय. म्हणणं एवढंच, की भाड्याची खोली सोडून देताना तिथे राहणाऱ्या पत्नीची लेखी संमती असल्याशिवाय ते सोडणं ग्राह्य धरू नये. मसुदा पानभरसुद्धा नव्हता. गिरगावच्या सरांनी, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते, त्यातले चार शब्द खोडले आणि दोन घातले.

चर्चेच्या दिवशी मी आयाबाईला बोलावून घेतलं. प्रेक्षक गॅलरीचा पास काढला, माहीमहून आणायला गाडी पाठवली. मला तिला दाखवायचं होतं. काय दाखवायचं होतं, ते त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवारची दुपार. अशासकीय कामकाज असलं की बाकं रिकामीच असतात. बरेच आमदार आपापल्या गावाकडे निघालेले. मी वीस मिनिटं बोलले, चांगली बोलले. मंत्री उठले. सभ्य माणूस, आवाज मऊ. "सन्माननीय सदस्यांची भावना योग्य आहे," ते म्हणाले. "शासन याचा सर्वंकष विचार करून स्वतःच सुधारणा आणील. तरी त्यांनी विधेयक मागे घ्यावं, अशी विनंती."

ही पद्धत मला ठाऊक होती. मागे घेतलं नाही तर मतदानाला टाकतात आणि ते पडतं. मंत्र्यांचं आश्वासन निदान कामकाजात नोंदलं जातं. माझ्या पक्षाच्या प्रतोदांनी लांबूनच 'घ्या मागे' अशी मान हलवली. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर मी विधेयक मागे घेते." पुढचा विषय पुकारला गेला.

बाहेर पायऱ्यांवर आयाबाई भेटली. ठेवणीतली साडी नेसून आली होती.

"मागे घेतलात म्हणजे काय केलात?"

मी समजावलं. आश्वासन, नोंद, सरकारची सुधारणा. तिने सगळं ऐकलं.

"म्हणजे त्यांनी नाय म्हटलं नाय?"

"नाही."

"तुमीच सोडलात."

त्यात राग नव्हता. प्रसूतिगृहात तिने आयुष्यभर डॉक्टरांचं बोलणं बायकांना सोप्या भाषेत सांगितलं होतं, तसंच तिने माझं बोलणं मला सांगितलं. मी गाडीने सोडते म्हटलं, तर म्हणाली, "नको, बस मिळते इथून." नंतर कित्येक वर्षं ती मला भेटली नाही. दोनदा निरोप पाठवले. दोन्ही वेळा भाचीने फोनवर सांगितलं की मावशी बाहेर गेली आहे.

आश्वासनाचा पाठपुरावा मी केला. पत्रं, स्मरणपत्रं, आश्वासन समिती. मंत्री बदलले, मग सरकार बदललं. नव्या मंत्र्यांना आधीच्यांचं आश्वासन म्हणजे शेजारच्या घरातली उष्टी भांडी. पुढे पक्षाने मला लोकसभेचं तिकीट दिलं आणि मी दिल्लीला गेले.

दिल्लीने मला खूप शिकवलं, पण मी तिथे रुळले नाही. सरकारी घर मोठं होतं. पहिल्या महिन्यात आईने सोबत दिलेलं सुकट भाजलं, तर खालच्या मजल्यावरच्या खासदारांचा माणूस नम्रपणे विचारायला आला, "मॅडम, कुछ जल गया क्या?" सभागृहात बोलायची संधी चिठ्ठीत नाव निघेल तेव्हा. माझं दोनदा निघालं. एकदा सोडून दिलेल्या बायकांच्या घराचा विषय मांडला. वाक्य अर्ध्यावर असताना माइक बंद झाला. वेळ संपली होती, कुणाचा दोष नव्हता. मी उरलेलं वाक्य तशीच उभी राहून पुरं केलं. शेजारच्या बाकावरच्या एका वयस्कर सदस्या तेवढं ऐकून म्हणाल्या, "अच्छा बोलीं आप."

काम झालं ते तिथे नाही आणि विधानसभेतही नाही. मुंबईत पुनर्विकासाच्या एका बैठकीला खासदार म्हणून गेले होते. बैठक संपल्यावर एक मध्यमवयीन अधिकारी थांबले. म्हणाले, "मॅडम, तुमचं ते जुनं विधेयक मी फाइलमध्ये वाचलंय. कायदा बदलायला काय लागतं ते तुम्ही पाहिलंतच. पण पुनर्विकासाला भाडेकरूने द्यायच्या संमतीपत्राचा नमुना आमच्या टेबलावरून जातो. त्यात एक रकाना वाढवता येईल. खोलीत राहणाऱ्या पत्नीचं नाव आणि सही. रकाना रिकामा असला तर पत्र अपुरं म्हणून परत. नेमके शब्द काय ठेवायचे?"

मी हातातल्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे शब्द लिहून दिले. सरांनी सुचवलेले दोन त्यात होते. अधिकाऱ्यांनी पत्रिका घडी करून खिशात ठेवली. मला मोठीशी आशा नव्हती. सात-आठ महिन्यांनी सुधारलेला नमुना निघाला, आणि रकाना त्यात होता. मला आनंद झाला, आणि त्यापाठोपाठ लाजही वाटली. इतकी वर्षं मी वरच्या मजल्याच्या खिडक्या वाजवत होते, आणि तळमजल्याचं दार नुसतं लोटलेलं होतं.

पुढच्या वेळी पक्षाने तिकीट दिलं नाही. दोन महिने घरी बसले, मग कपाटातला काळा कोट काढून पुन्हा कोर्टात जायला लागले. पहिल्याच दिवशी उभी राहून म्हणाले, "अध्यक्ष महोदय." अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीश माझ्या मुलीच्या वयाच्या. त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "सन्माननीय सदस्यांनी बोलावं." तिथून पुढे सोपं गेलं.

मागच्या वर्षी करी रोडच्या एका चाळीने मला वकील नेमलं. संमतीपत्रांवर सह्या घ्यायची सभा होती, खाली पटांगणात टेबलं मांडली होती. एक तरुण बाई नवऱ्याबरोबर आली. त्याने सही केली आणि पेन तिच्यापुढे धरलं. तिने ते घेतलंच नाही. "मी वाचून घेते," म्हणाली.

बिल्डरचा माणूस म्हणाला, "ताई, फॉर्मॅलिटी आहे फक्त."

"मग वाचायला काय हरकत आहे?"

नवरा म्हणाला, "अगं, लाइन लागलीय मागे."

"लागू दे की."

ती कागद घेऊन वर गेली. तीन दिवसांनी माझ्याकडे आली, तेव्हा कागदावर पेन्सिलीने पाच प्रश्न लिहिलेले होते. त्यातले दोन मलाही सुचले नव्हते. बिल्डरला त्यांची उत्तरं लेखी द्यावी लागली, सगळ्याच भाडेकरूंना. त्यानंतर तिने सही केली.

त्या रविवारी मी न कळवता माहीमला गेले. कोळीवाड्याला लागून असलेल्या गल्लीत भाचीचं घर आहे. आयाबाई आता ऐंशीच्या घरात आहे. एका डोळ्याने अंधुक दिसतं, आवाज तसाच चोख. "या वकीलबाई," म्हणाली, जशी काही मी गेल्या आठवड्यात येऊन गेले होते. मी रकान्याची गोष्ट सांगितली, मग त्या पेन्सिलीवाल्या बाईची. मी सोबत नेलेला नमुना ती डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मी बोट ठेवून रकाना दाखवला.

"बरा झाला," ती म्हणाली. कागद मला परत देताना म्हणाली, "माझी खोली गेलीच पण."

"हो. गेली."

"तुमी त्या दिवशी सोडून दिलात, त्याचा माका लई लागला होता. म्हणून फोन घेत नव्हते."

"मला कळलं होतं," मी म्हटलं. "तुम्हाला तिथे बोलवायला नको होतं. मी माझ्यासाठी बोलावलं होतं."

भाचीने चहा आणला. आयाबाईने माझा कप आपल्या हाताने माझ्यापुढे सरकवला. मग तिने गॅलरीत जाऊन शेजारणीला हाक मारली. शेजारीण आली, दार धरून उभी राहिली. तिच्या सासऱ्यांच्या वारसाच्या नोंदीचं काहीतरी अडलं होतं, हातात प्लास्टिकची फाइल होती, आणि ती लगेच पुढे करायला लागली.

"फायल ठेव गो बाजूला," आयाबाई तिला म्हणाली. "आधी बस. काय झाला ता सांग त्यांका."

मी माझी खुर्ची शेजारणीकडे वळवली. ती बसली आणि सांगायला लागली.