आरतीचं यंत्र

आमच्या गल्लीतल्या देवळात नगारा आणि घंटा वाजवणारं विजेचं यंत्र आलंय. बटण दाबलं की लोखंडी हात नगारा बडवतात. आधी तो वाजवणारे शंकरकाका आता कोपऱ्यात उभे असतात, आणि आमचे मोकळे हात मोबाईलवर आरतीचा व्हिडिओ काढतात.

शनिवारी मधेच वीज गेली. यंत्र थांबलं, तसे आम्हीही गायचं थांबलो. गाणं आपल्या गळ्यातून निघून बटणात कधी गेलं?

काकांनी लगबगीनं काठ्या उचलल्या.

"थांबा हो काका, येईल लाईट इतक्यात!" हे मी म्हणालो. यंत्रांच्या गुलामीविरुद्ध पत्रकं वाटणारा मी.

काकांचे मागे जाणारे हात माझ्या व्हिडिओत आलेत. तो मला पुसवत नाही, कुणाला दाखववतही नाही.