निरोगी माणसाची माळ

इथे अनुभव सांगणारा प्रत्येक जण 'माझा विश्वास नव्हता' म्हणूनच सुरुवात करतो. माझी तर नोकरीच अविश्वासाची आहे! अंधेरीला एका कंपनीत मी नव्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते. 'आमच्या काकूंना गुण आला' याला मी पुरावा म्हणत नाही...

गेल्या वर्षी माझ्या दिराला, नितीनला, कावीळ झाली. आम्ही भांडुपला एकत्र राहतो. डॉक्टरांची औषधं, पथ्यपाणी सगळं चालू होतं. तरी मुलुंडहून नवऱ्याची मालवणी मावशी काविळीची माळ घेऊन आलीच — कसल्याशा ओल्या मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठून केलेली. कावीळ उतरते तशी माळ गळ्यात लांबत जाते म्हणे.

"मावशी, मुळ्या सुकतात, गाठी सैल होतात, म्हणून लांबते," मी म्हटलं. "कोणाच्याही गळ्यात लांबेल."

"मगे बघ घालून," म्हणत तिने पिशवीतून आणखी दोन काढल्या.

मला हेच हवं होतं. एक नितीनला. एक माझ्या नवऱ्याला, महेशला — वर्षात एक शिंकही नाही असा माणूस. आणि एक मला. शिंप्याच्या टेपने रोज सकाळी मोजमाप, वहीत नोंद. घरात सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली.

सहाव्या दिवशी नितीनची माळ छातीवरून बेंबीपर्यंत आली होती. महेशची त्याहून खाली! मी मावशीला फोन लावला, जरा तोऱ्यातच.

"बघा, निरोगी माणसाचीही लांबली. संपला विषय."

"आणि तुझी?"

माझी... माझी जिथे होती तिथेच होती. सहा दिवस तो आकडा मी लिहीत होते, पण त्याच्याकडे बघत नव्हते.

तसं सांगितल्यावर मावशी हळूच म्हणाली, "मगे महेशाकव कावीळ असतली गो. तेचा रगात तपासून घे."

"यार, तू पण?" महेश हसला. पण गेला. डोळे पांढरे स्वच्छ, भूक झकास... आणि रिपोर्टमध्ये लिव्हरचे आकडे नितीनपेक्षाही वर. त्या शनिवारी त्याच्या मित्राची हळद होती, हा ग्लास घेऊन बसणारच होता. डॉक्टर म्हणाले, तसं झालं असतं तर फार जड गेलं असतं. मी दवाखान्यातच रडले.

आता दोघेही ठणठणीत आहेत, डॉक्टरांच्या उपचारांनी. माळेने बरं केलं असं मी म्हणत नाही. एकाच घरचं पाणी, म्हणून दोघांना कावीळ, हेही पटतं. पण माळेला कसं कळलं? माझी का लांबली नाही? तीन माळांवरून काही सिद्ध होत नाही; असला पुरावा माझ्या टेबलावर आला तर मी परत पाठवीन. मावशीला विचारलं तर म्हणते, "माका काय म्हायत? आये करी, म्हणून मी करतंय."

अजूनही ती वही उघडली की अंगावर काटा येतो. महेश निरोगी आहे, हे कोणी ठरवलं होतं? मीच. न तपासता.