पत्र्याच्या शेडातली मोहीम

१९ जून १९९९ रोजी निवृत्त सुभेदार धोंडीराम कांबळे यांनी एकशे अडुसष्ट रुपये पन्नास पैसे खर्च केले आणि कारगिलचे डोंगर घरी आणले. हातगाडाभर लाल माती, चार जुनी पोती, थोडा चुना आणि निळीची एक पुडी. राजारामपुरीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, घराला लागून पत्र्याचं शेड. शेडातली सायकल बाहेर पावसात गेली आणि तिच्या जागी डोंगररांग उभी राहिली.

धोंडीराम यांची सैन्यातली बहुतेक नोकरी नकाशांच्या खोलीत झाली होती. मोहिमेची आखणी करायला साहेब लोक बसत, तेव्हा समोर मातीचा देखावा लागे. डोंगर, नाले, रस्ते, शत्रूची ठाणी, सगळं मापात. तो करण्याचं काम त्यांच्याकडे असे. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कोल्हापूरचा पोरगा गल्लीत दिवाळीचा किल्ला करतच मोठा होतो. चिखलात बुडवलेलं पोतं दगडांवर टाकलं की कडा तयार होतो, हे त्याला पाढ्यांच्या आधी येतं. देखावा करता करता चर्चा कानावर पडत, आणि एक लढाई जिंकणं वेगळं व मोहीम तडीला नेणं वेगळं, एवढं त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

या वेळचा देखावा मात्र घरच्यांसाठी होता. त्यांचा थोरला मुलगा प्रसेनजीत, गल्लीचा परशा, पायदळात शिपाई. त्याची पलटण मे महिन्यात वर गेली आणि तेव्हापासून ना पत्र, ना फोन. टीव्हीवर एखाद्या शिखराचं नाव आलं की त्याची आई पारूबाई हातातलं भांडं खाली ठेवत.

"ह्यातबी आपला पोरगा असणार बघा."

"अगं, एकच पलटण सगळीकडं कशी असंल?"

"मग कुठं हाय त्यो? तुम्ही एवढं लष्करात होता न्हवं? सांगा की."

पारूबाईंचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. मोहीम डोळ्यांसमोर मांडली तर हिची भीती निदान मापात येईल, असा धोंडीराम यांचा हिशेब होता.

देखावा झाला. खाली लेहकडे जाणारा रस्ता चुन्याने आखला, त्याच्या डोक्यावर कडे उभे केले. पलटणी दाखवायला काही हवं होतं, म्हणून त्यांनी ट्रंकेतून दिवाळीचे मातीचे मावळे काढले. चूक झाली ती इथे. नकाशाच्या खोलीत पलटण म्हणजे एक टाचणी असे. टाचणीला मिशा नसतात.

"ह्यो आपला?" पारूबाईंनी एक मावळा उचलला.

"ती आख्खी पलटण हाय, पारू. आठशे माणूस."

"असू दे की. त्यात आपला हाय न्हवं?" त्यांनी निळीत बोट बुडवून त्याच्या पागोट्यावर ठिपका दिला. आठशे माणसांचा प्रसेनजीत झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बयाबाई आल्या. त्यांचा मुलगा तोफा ओढणारी गाडी चालवायचा. त्यांनी नातवाचा खेळण्यातला ट्रक आणून रस्त्यावर ठेवला आणि जाताना सगळ्या कड्यावर हळीव पेरला.

"वैनी, तिथं गवताची काडी उगवत न्हाय!"

"मग पोरांनी आडोसा कुणाचा धरायचा, भावजी?"

चार दिवसांत कारगिल हिरवंगार झालं. गल्लीत गवगवा झाला आणि संध्याकाळच्या बातम्या झाल्या की शेडात माणसं जमू लागली. सगळ्यांत मोठा आवाज हंबीररावांचा. ते मूळचे नेसरीचे, दुधाचा धंदा, तिथल्या तिथे निकाल लावणारे.

"सुभेदार, एवढी आखणी कशापायी? जायचं आन् तुटून पडायचं! आमच्या नेसरीला सात जणांनी घोडी घातलीती, म्हाईत हाय न्हवं?"

"हाय की. सातांना माझा मुजरा. पण ते सात पडल्यावर मोहीम पुढं कुणी नेली?"

हंबीरराव म्हणाले, "सरसेनापती हंबीररावांनी."

"मग नाव कुणाचं लावलंय आन् बोलताय काय!"

शेड हसलं, आणि त्या हसण्यात धोंडीराम यांना बोलायला वाट मिळाली. हातात छत्रीची काडी घेऊन त्यांनी सांगितलं, "आधी शेवट ठरवायचा. आपल्याला काय पायजे? शिखर न्हवं. थंडीच्या आत हा रस्ता मोकळा पायजे. मग त्यांचं मर्म बघायचं. वर बसलेल्याचं पोट पाठीमागनं भरतंय, ह्या वाटेनं. ती वाट दिसंल असा कडा आधी घ्यायचा, बाकीचे आपोआप ढिले पडतात. आन् आपला दम किती, हे इसरायचं न्हाय. एकदा चढलेली पलटण लगेच पुन्हा चढत न्हाय. म्हणून टप्पे. आधी तोफा, मग एक कडा, मग इसावा, मग दुसरा."

"आन् तोफा येईस्तोवर?" बयाबाई.

"तोवर दम धरायचा."

"बरं हाय," बयाबाई म्हणाल्या आणि ट्रक वीतभर पुढे सरकवला.

हे सगळं लोकांना पटलं. पारूबाईंना पटलं नाही, कारण त्यांचा प्रश्न एकच होता. बातम्यांवरून धोंडीराम यांचा अंदाज होता की पुढचा कडा प्रसेनजीतच्या पलटणीकडे येणार. त्यांनी निळ्या ठिपक्याचा मावळा उचलून कड्यावर ठेवला. खोटा देखावा त्यांना करता आला नसता. सकाळी पाहतात तो मावळा खाली, रसद तळावर. तळ म्हणजे एक पावडरचा डबा. मावळा त्याला टेकून आरामात उभा.

संध्याकाळी बातम्या झाल्यावर त्यांनी मावळा पुन्हा वर ठेवला. पहाटे पाणी भरायला उठल्यावर पारूबाईंनी तो पुन्हा खाली आणला. असं रोज सुरू झालं. दोघं एका ताटलीतली भजी खात, पण मावळ्याचा विषय कुणी काढत नसे. त्यांचं पाहून गल्लीतल्या इतर जवानांच्या आयाही धीट झाल्या आणि आपापले मावळे तळावर उतरवू लागल्या.

"सुभेदार," हंबीरराव एकदा म्हणाले, "आपलं सगळं सैन्य रेशनच्या दुकानात कसं काय वो?"

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी एसटीडी बूथवाला सयाजी छत्री न घेता धावत आला. "काकी, फोन! परशाचा! दहा मिन्टांनी पुन्हा करतोय!" पारूबाई पिठाच्या हातांनी निघाल्या. धोंडीराम यांच्या पायात दोन वेगळ्या चपला होत्या.

"जेवलास का?" पारूबाईंनी आधी विचारलं. बराच वेळ त्या नुसत्या ऐकत आणि "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या. मग रिसीव्हर पुढे केला. "तुम्हीच इचारा त्याला. कुठं होता म्हणावं."

धोंडीराम यांनी रिसीव्हर घेतला. "कड्यावर होतास का तळावर?"

"दोन्हीकडं, आबा!" पलीकडून बसलेल्या आवाजात प्रसेनजीत ओरडला. "आमची तुकडी रसदीला लावल्याली. अंधार पडला की दारूगोळा पाठीवर घिऊन कड्यावर, आन् उजाडायच्या आत खाली तळावर. रोज! पाठीची साल निघाली, बाकी ठणठणीत हाय. कडा घेतला आपण!"

धोंडीराम यांनी रिसीव्हर कानावर तसाच धरला आणि पारूबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

"रोज चढवत होता न्हवं त्याला?" त्या म्हणाल्या.

"आन् तू उतरवत होतीस."

"मी उतरवत होते म्हणून आला खाली," पारूबाई म्हणाल्या. त्या आधी हसल्या, मग बाकड्यावर बसून पिठाच्या हातांनीच डोळे पुसले. बाहेर हंबीररावांनी पेढे सांगितले. बयाबाईंचा मुलगाही सुखरूप असल्याचं प्रसेनजीतनेच सांगितलं. त्या रात्री पारूबाई दोन भाकऱ्या जेवल्या.

धावपळीत पाकीट घरी राहिलं होतं. आलेला फोन घेण्याचेही बूथवर पैसे पडत. ते सयाजीने नंतर घेतले नाहीत, आणि धोंडीराम ते माफ झाले असं मानत नाहीत. त्या फोनचे बारा रुपये सयाजीला देणं आहे.