कळसाडीच्या टाकीतला आवाज

हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. मेधाला तर नाहीच — आणि आधी सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही, मी करून पाहिलं आहे.

मी शहाद्याच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सहायक आहे. गाव कळसाडी. घरचा कापूस-ऊस भाऊ बघतो. लॅबमधल्या मोडक्या सामानातून मी माईक बनवायचो — हवेतला आवाज नाही, वस्तूच्या अंगातला आवाज पकडणारे. उसाच्या चरकाला लाव, जिनिंगच्या पत्र्याला लाव, कुंपणाच्या तारेला लाव. मग तो आवाज संगणकावर कापायचा, ताणायचा, एकावर एक रचायचा. ह्यालाही संगीत म्हणतात, हे मला पहिल्यांदा मेधाने सांगितलं. घरचे म्हणायचे, डोकं फिरलंय.

मेधा नंदुरबारची, आता पुण्यात असते. फोटोग्राफर आहे. काही वर्षं ती एकच काम करत होती: धरणाच्या फुगवट्यात गेलेल्या डोंगरातल्या गावांचे फोटो. आता गावं कुठली दिसणार? फोटोंत नुसतं पाणी. सपाट, करडं, कधी एखाद्या वाळलेल्या झाडाचा शेंडा वर आलेला. माणूस एकही नाही. भिंतभर मोठे प्रिंट. तिचं म्हणणं होतं की वरचं पाणी ती दाखवेल, खालचं मी ऐकवावं.

म्हणून आम्ही गेलो. मोलगीहून जीपने काठापर्यंत, पुढे डिझेल इंजिनाच्या होडीने. होडीवाल्याने एका जागी इंजिन मंद केलं आणि म्हणाला, गाव इथे होतं. मी घरी बनवलेला पाण्यातला माईक खाली सोडला. दोन मिनिटांत वायरीच्या जोडातून पाणी शिरलं. हेडफोनमध्ये इंजिनाची घरघर, मग खरखर, मग काही नाही. होडीवाला बघत होता. मी सांगितलं, बिघडला. मेधाचे फोटो झाले होते. असं ठरलं की माईक दुरुस्त करून मी एकटा पुन्हा येईन.

मी गेलो नाही.

मला पोहता येत नाही. त्या होडीत मी पूर्ण वेळ फळी घट्ट धरून बसलो होतो, बोटं पांढरी होईपर्यंत. हे कारण झालं का? तेव्हा वाटलं होतं. मी दोन दिवस रजा काढली, कळसाडीला गेलो आणि विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीत माईक सोडला. पाइपातून थेंब पडत होते — टिक, टिक. भिंतीतून मोटारीची घुमघुम येत होती. लॅबमध्ये येऊन ते सगळं अर्ध्या वेगावर आणलं. आवाज मोठा झाला, खोल झाला, जुना झाला. मेधाला पाठवताना खाली त्या बुडालेल्या गावाचं नाव लिहिलं. तिने रात्रंदिवस ऐकलं म्हणे.

मुंबईत प्रदर्शन झालं. अंधारी खोली, चारी भिंतींवर मेधाचं पाणी, आणि लाकडी बाकांच्या आत मी बसवलेले स्पीकर. आवाज कानाआधी अंगात शिरायचा. लोक बराच वेळ बसून राहायचे, बाहेर येऊन हळू बोलायचे. दारापाशी पाटी होती — आवाज बुडालेल्या गावातून, पाण्याखाली ध्वनिमुद्रित. ह्या प्रकारच्या संगीतात आवाज मुळात कशाचा आहे हे कुणी विचारत नाही, विचारूही नये, असं मी स्वतःला समजावत होतो. ते खरंही आहे. पण मग पाटी कशाला? पाटी मीच लिहून दिली होती. फोटोला लोक पुरावा मानतात. त्या फोटोंसमोर ठेवला तेव्हा माझा आवाजही पुरावा झाला. मेधाचा खरेपणा मी वापरला — हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं असं म्हणणार नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. कलेच्या जगात असं होतं, म्हणून सोडून दिलं असतं.

पण मेधाला स्वस्थता नव्हती. ज्यांची गावं गेली त्यांनीच हे पाहिलं नाही तर काय अर्थ, असं तिचं म्हणणं. तळोद्याकडे सपाटीवर त्या गावाची वसाहत आहे. तिथल्या शाळेच्या खोलीत आम्ही खिडक्यांना चादरी बांधल्या, फोटो लावले, बाक मांडले. लोक आले. रिकाम्या पाण्याच्या फोटोंत त्यांनी कडेच्या टेकड्यांच्या उतारावरून घरं शोधली — इथे आमचं, इथे काकाचं. मेधा वहीत लिहून घेत होती.

जात्र्याबाबा शेवटच्या बाकावर बसले होते. सत्तरीचे, सुकलेले, गुडघ्यांनी अधू. घरी ते पावरी बोलायचे. ती मला येत नाही. त्यांना मराठी बेताची. आमचं बोलणं अहिराणीतून झालं. बराच वेळ बसून मग त्यांनी मला खूण करून बोलावलं आणि म्हणाले, “हाई मन्हा नालानं पानी शे.” त्यांच्या घरामागे नाला होता, दगडावरून पडायचा. मग नेमकं तिथेच का, असं त्यांनी विचारलं, “तू तठेच माईक सोडेल व्हता ना?”

मेधा बाजूला उभी होती. मी म्हणालो, “हा बाबा. तठेच.”

परतीच्या जीपमध्ये मेधा म्हणाली, आयुष्यात ह्याहून मोठं काही आपल्या हातून झालेलं नाही. 

नंतर ते शहाद्याला बाजाराच्या दिवशी यायला लागले. सरळ लॅबमध्ये. मी हेडफोन द्यायचो, ते डोळे मिटून ऐकायचे, मग चहा. तिसऱ्या का चौथ्या खेपेला त्यांनी सांगितलं — बिजली नावाची मुलगी होती, चार वर्षांची, तापात गेली. नाल्याकाठी आंब्याखाली पुरली होती. पाणी चढलं तेव्हा सगळं उचलून आणलं, तेवढं राहिलं. आता ऐकताना तिच्यापाशी बसल्यासारखं वाटतं, म्हणाले. त्यांचा आवाज कापला वगैरे नाही. पिकाबद्दल बोलावं तसं बोलले. मी काय केलं? त्यांच्या मोबाइलच्या कार्डात ती फाइल घालून दिली. बाजाराच्या दिवसाची वाट पाहायला नको म्हणून. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं असंच मानायचं होतं — की एका म्हाताऱ्याला खोट्यातून का होईना, समाधान मिळालं. पुढचं मी इतके दिवस बाजूला ठेवलं होतं.

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला फुगवट्याचं पाणी खूप उतरलं. वसाहतीत बातमी आली की जुन्या गावाचे उतार उघडे पडले आहेत. मोलगीवरून दोन जीप जायच्या होत्या. जात्र्याबाबा बाजार नसलेल्या दिवशी माझ्याकडे आले. मुलं त्यांना उचलून न्यायला तयार होती. पण गुडघे ते असे, वाट ती तशी, आणि पुढे थोडं होडीने जायचं. त्यांनी मला विचारलं, जाऊ का. मी तिथे जाऊन आलेला माणूस, म्हणून विचारलं.

त्या क्षणी मला त्यांचे गुडघे आठवले नाहीत. मला होडीवाला आठवला. माझा माईक बंद पडलेला त्याने पाहिला होता, आणि मी पुन्हा कधी आलो नाही हे त्याला माहीत होतं. काठावर बसून दोघं बोलणार — विषय निघणारच.

मी म्हणालो, “कशाले जास बाबा? पानी तुले आठेच ऐकू येस.”

इथेच, म्हणजे मोबाइलमध्ये. त्यांनी खिशातला मोबाइल चाचपला. मग म्हणाले, “खरं शे.” चहा न घेता उठले.

ते गेले नाहीत. पाऊस आला, पाणी पुन्हा चढलं. हिवाळ्यात जात्र्याबाबा वारले.

मी वसाहतीत भेटायला गेलो. त्यांचा मोठा मुलगा दिलीप आश्रमशाळेत शिक्षक आहे. त्याने मला ओट्यावर बसवलं. शेवटचे दिवस बाबा मोबाइल उशाशी ठेवून होते, माझंच लावायला सांगायचे, म्हणाला. मग तो त्या जीपच्या दिवसाबद्दल बोलायला लागला. तो गेला होता. आंब्याचं खोड गाळात उभं होतं. नाला मोकळा झाला होता, दगडावरून पडत होता, वरच्या पायवाटेवरूनच ऐकू येत होता.

“मी घरी येऊन बाबांना म्हटलं, सर, की तुमच्या मोबाइलमधला आवाज वेगळा आहे,” तो म्हणाला. “ते म्हणाले, तू वरून ऐकलास, सरांनी खालून ऐकला.”

 त्याला उत्तर हवं होतं, की नुसतं सांगायचं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

मी म्हणालो, “हो. पाण्याखाली आवाज वेगळा येतो.”

त्याने मान हलवली आणि बाकीच्यांना चहा द्यायला उठून गेला.